गाभण खोली

भिंतीला पोट आलंय, हे सगळ्यांत आधी दूधवालीच्या म्हशीला कळलं. नव्या गोठ्याची भिंत छातीपर्यंत वर आली होती, माल अजून ओला होता, आणि म्हशीने सवयीने पाठ खाजवायला भिंतीला अंग लावलं. लावलं आणि लगेच काढून घेतलं. मग चार पावलं मागे सरून ती भिंतीकडे बघत उभी राहिली. दूधवाली बादली घेऊन येत होती. म्हैस एवढं काय बघतेय म्हणून तिनेही बघितलं. भिंत मधोमध चांगली चार बोटं बाहेर आली होती.

मिस्त्री तेव्हा विटांच्या ढिगाला टेकून झोपला होता. सकाळचे अकरा वाजले होते.

दूधवाली आवाज चढवणाऱ्यातली नव्हती. तिने बादली भरून पाणी आणलं, ते मिस्त्रीच्या डोक्यावर ओतलं आणि भिंत त्याची त्यालाच पाडायला सांगितली. भर उन्हात मिस्त्री दोन दिवस भिंत पाडत होता. एकेक वीट सोडवायची, तिचा माल खरवडायचा आणि ती बाजूला रचायची. गावात कुणाला त्या बाजूला एरवी काम नसायचं, पण त्या दोन दिवसांत सगळ्यांना निघालं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने पुन्हा पहिला थर लावायला थापी उचलली, तेव्हा दूधवाली म्हणाली, "थापी तिच्याकडे द्या."

तिच्याकडे म्हणजे मिस्त्रीच्या बायकोकडे.

बायकोने अठरा वर्षं त्याच्या हाताखाली घमेलं वाहिलं होतं. माल कालवायचा, विटा भिजवायच्या, परांचीवर चढून हातात द्यायच्या, हे तिचं काम. पण गेली पाच-सहा वर्षं आणखी एक काम तिच्याकडे आलं होतं, ज्याबद्दल दोघंही बोलत नसत. मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे दुपारनंतर ओळंब्याची एक दोरी दोन व्हायची. मग तो हळूच म्हणायचा, "बघ गं जरा, सरळ आहे ना." ती ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन, भिंतीशी धरायची, एक डोळा मिटायची आणि सांगायची. तिने सांगितलं की वीट आत जायची. गावातल्या सरळ भिंती तिच्या डोळ्याने सरळ होत्या. दूधवालीच्या गोठ्याच्या दिवशी ती तापाने घरी पडून होती, एवढंच.

त्याआधी असं एकदाच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात ती महिनाभर माहेरी गेली होती, आणि तेवढ्या काळात मिस्त्री आणि त्याचा दोस्त पिंप या दोघांनी कुठेतरी एक खोली बांधून दिली होती. कुठे, ते दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं. पिंप अंगाने काडीसारखा होता. त्याच्यात किती दारू मावते ते बघूनच लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं. त्याच्या डाव्या पायाला सहा बोटं होती आणि सहावं बोट नशीबवान असतं असं तो सगळ्यांना सांगायचा. ते नशीब अजून कुणी पाहिलं नव्हतं.

तर थापी बायकोच्या हातात गेली. मिस्त्रीच्या वडिलांची थापी होती ती. लाकडी मुठीवर दोन पिढ्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. बायकोचा अंगठा त्यात बुडून जायचा. पण तिने पहिल्याच दिवशी चार थर लावले आणि ओळंबा लावून बघितला, तर दोरी आणि वीट यांच्यामधून केससुद्धा गेला नसता.

मिस्त्री माल कालवायला लागला. आणि बायको वरून बोलायची.

"अहो, माल पातळ झालाय."

"अहो, जरा सरा, उजेड अडतोय."

एखाद्या मजुराला म्हणतात तसं तिने "ए" म्हटलं असतं, खडसावलं असतं, तर मिस्त्रीने एखादे वेळी थापी हिसकावून भांडण तरी काढलं असतं. पण ती "अहो" सोडायला तयार नव्हती. ते "अहो" मिस्त्रीला फार लागायचं.

तेव्हापासून रोज सकाळी कामाला निघण्याआधी त्यांच्या घरात एक परीक्षा व्हायची. मिस्त्रीने दारात उभं राहून हात लांब करून ओळंबा धरायचा. बायको केस बांधायला घ्यायची. तिचा अंबाडा बांधून होईपर्यंत ओळंब्याचं पितळी वजन स्थिर झालं पाहिजे. मिस्त्री दात आवळून, श्वास रोखून धरायचा. वजन घड्याळाच्या लंबकासारखं डावीकडून उजवीकडे जात राहायचं. बायकोचा अंबाडा कधीच बांधून झालेला असायचा. ती ओळंबा त्याच्या हातातून घ्यायची आणि कमरेला खोचायची.

लाजेच्या मारे मिस्त्रीने तीन दिवस दारूला हात लावला नाही. चौथ्या दिवशी पिंप कुंपणाशी आला आणि म्हणाला, "बसायचं का?"

बसणे या शब्दाचं त्या गावात असं झालं होतं, की उभ्याने प्यायले तरी बसलो म्हणायचे. प्यायल्यावर आडवे झाले तरी दुसऱ्या दिवशी काल बसलो होतो असंच सांगायचे. पिंपाने विचारलं आणि मिस्त्री बसला.

घरी आला तेव्हा बायको भांडली नाही. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि जेवून होईपर्यंत थांबली. मग सांगितलं, की गोठा सोमवारी पुरा होतोय. बुधवारपासून शाळेच्या कुंपणाची भिंत घ्यायची आहे, मुख्याध्यापकबाईंनी काम तिलाच सांगितलंय, आणि विहिरीपलीकडची एक बाई हाताखाली यायला तयार आहे.

"म्हणजे मला कामावरून काढलं?" मिस्त्रीने विचारलं.

"अजून नाही," बायको म्हणाली.

मग तिने नर्सबाईंची गोष्ट काढली. नर्सबाई सासूचा रक्तदाब बघायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं, की बाजाराच्या गावात दर मंगळवारी दुपारी चार वाजता दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं एकत्र बसतात. औषध नाही, भाषण नाही. आपापलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. नाही बोललं तरी कुणी टोकत नाही. जागेचा पत्ता त्यांनी कागदावर लिहून दिला होता आणि तो कागद तिने मिस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

"मंगळवारी जाऊन या," ती म्हणाली. "कोरडे जा, तिथे बसा आणि कोरडे या. तसे आलात तर बुधवारी घमेलं तुमचं. नाही आलात, तर त्या बाईला निरोप धाडते."

"आणि थापी?"

"थापीचं मागनं बघू."

मिस्त्रीला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या बायकोच्या हाताखालची मजुरी टिकवायला आपल्याला परगावी जावं लागतंय, यावर तो बराच वेळ चिडला. मग ती मजुरी खरंच गेली तर दिवसभर घरात आईसमोर बसावं लागेल, हे त्याच्या ध्यानात आलं आणि चिडायचं राहून गेलं.

मंगळवारी सकाळी सदरा घालून त्याने खिशात हात घातला, तर बोटांना कापसासारखा गोळा लागला. लेकाने परगावी जाताना नीटनेटकं जावं म्हणून आईने सोमवारी सदरा दगडावर आपटून आपटून धुतला होता. गोळा उलगडून बघितला. एका तुकड्यावर "मंगळ" आणि दुसऱ्यावर चाराचा आकडा, एवढंच शिल्लक होतं. नर्सबाई दुसऱ्या गावाला गेलेल्या.

"विचारत जा," बायको म्हणाली.

विचारणं हीच तर अडचण होती. अनोळखी माणसासमोर "मला दारू सोडायची आहे, ती माणसं कुठे भेटतात" असं म्हणण्यापेक्षा अंगावर भिंत पडलेली परवडली, असं मिस्त्रीला वाटत होतं. तरी तो निघाला. दारात आई बसली होती. ऐकायला कमी यायचं तिला.

"आई, मी जरा बसायला जातोय," मिस्त्री ओरडून म्हणाला.

आईने शेजारची काठी उचलली आणि त्याच्या पोटरीवर एक बरोब्बर दिली. बायको धावत आली आणि सासूच्या कानात ओरडून सांगितलं, की तसं नाही, तिथे न पिता बसतात.

"न पिता कशाला बसेल कुणी?" आई म्हणाली, पण काठी खाली ठेवली.

निघताना बायकोने ओळंबा कमरेतून काढून त्याच्या हातात दिला. खिशात ठेवा म्हणाली, तिथे पोचलात की धरून बघा. ओळंब्याचं पितळी वजन मुठीएवढं होतं. मिस्त्रीचा खिसा मांडीपर्यंत ओघळला आणि एका अंगाला झुकून चालत तो बसथांब्यावर गेला. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं, त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. या माणसाला विचारावं का, असं मिस्त्रीच्या मनात येऊन गेलं. पण कंडक्टर चार गावं फिरतो, चारही गावांत सांगेल. मिस्त्रीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

बाजाराच्या गावात तो बारा वाजता उतरला. हातात चार तास होते, आणि कोरड्या माणसाला चार तास म्हणजे किती हे त्याला त्या दिवशी कळलं. बाजारातली झाडून सगळी माणसं आपल्या हातांकडेच बघताहेत असं वाटायचं. दिसेल त्या नळावर तो पाणी पीत सुटला. दोन वेळा बाजार पालथा घातल्यावर तो एका न्हाव्याच्या दुकानाशी थांबला. न्हाव्यांना सगळं माहीत असतं. त्याने आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "इथे मंगळवारी चार वाजता माणसं बसतात, ती कुठे हो?"

न्हाव्याने त्याचे डोळे बघितले, थरथरती बोटं बघितली, ओघळलेला खिसा बघितला आणि त्याला सगळं समजलं. निदान त्याला तसं वाटलं.

"चारपर्यंत कशाला थांबता?" तो मायेने म्हणाला. "आत्ताच बसलेत. लाकडाच्या वखारीमागे."

मिस्त्रीने आभार मानले. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

वखारीमागे पत्र्याच्या सावलीत चार माणसं ओंडक्यांवर बसली होती. त्यांनी मिस्त्रीला बघून लगेच सरकून जागा केली. नाव-गाव विचारलं नाही. नर्सबाई म्हणाल्या ते खरंच होतं, इथे कुणी काही विचारत नाही. मिस्त्रीला बरं वाटलं. त्यांच्यात एक म्हातारा करवत्या होता, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला. त्याने फळीमागून बाटली काढली, एका पेल्यात ओतली आणि पेला मिस्त्रीच्या हातात दिला.

मिस्त्री पेल्याकडे बघत राहिला. वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं.

"मंगळवारचे ते तुम्हीच का?" त्याने विचारलं.

"आम्ही रोजचे," एक जण म्हणाला.

आता खरं सांगायचं, तर मिस्त्रीला चूक त्याच क्षणी कळली होती. पण पेला हातात होता. आपण विचारत आलो, लोकांनी इथेच पाठवलं, यात आपला काय दोष, हेही त्याच्या मनात तयार झालं. घरी सांगायला ते चांगलं होतं. त्याने पेला तोंडाकडे नेला, नीट बसायला म्हणून ओंडक्यावर मागे सरकला, आणि खिशातलं वजन ओंडक्यावर ठणकन आपटलं.

"बाटली आहे की काय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

मिस्त्रीला पेला खाली ठेवून ओळंबा काढून दाखवावा लागला. हे काय, ते काय, सुरू झालं. मग तो खिशात का, हेही आलं. मिस्त्रीने त्यांना सकाळची परीक्षा सांगितली, अंबाड्यासकट. चौघं पोट धरून हसले. एक जण म्हणाला, आण इकडे, मी धरून दाखवतो. त्याने धरला. वजन झोके घ्यायला लागलं. बाकीच्यांनी त्याची टर उडवली. मग दुसऱ्याने धरला. तो वजन उचलणारा हमाल होता, मनगट चांगलं जाड, पण दोरी काही त्याचं ऐकेना. तिसऱ्याने दोन्ही हातांनी धरला आणि जास्तच हलला. हसणं कमी कमी होत गेलं. शेवटी करवत्याने आपल्या तीन बोटांत दोरी पकडली. वजन झुलत राहिलं.

करवत्याने ओळंबा गुंडाळून मिस्त्रीच्या हातात दिला आणि त्याच्या पायाशी ठेवलेला पेला उचलून स्वतःजवळ घेतला.

"तू त्या दुसऱ्यांना शोधतोयस," तो म्हणाला. "न पिता बसतात ते. जनावरांच्या दवाखान्यात जा. तिथे गाभण खोलीत बसतात."

"तुम्हाला काय माहीत?"

"चार वेळा जाऊन आलोय. चहा बरा असतो," करवत्या म्हणाला, आणि मग पेल्यात बघत राहिला.

गाभण खोली म्हणजे गाभण गाई-म्हशी ठेवायची खोली, हे मिस्त्रीने धरूनच चाललं. दवाखान्यात पोचायला त्याला पावणेचार झाले. दारात कंपाउंडर बसला होता, हातात जाड वही, अंगावर शेणाचे डाग पडलेला डगला.

"गाभण खोलीत जायचंय," मिस्त्री म्हणाला.

"जनावर कुठंय?" कंपाउंडरने वर न बघता विचारलं.

"जनावर नाही. मीच आहे."

कंपाउंडरने आता वर बघितलं. मिस्त्रीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, ओघळलेल्या खिशापाशी जरा थांबला, आणि वही मिटली.

"कितवा महिना?"

मिस्त्रीचा चेहरा इतका पडला, की कंपाउंडरला पुढे चेष्टा करवली नाही. तो उठला आणि मागचं अंगण दाखवलं. कडुनिंबाच्या पलीकडे ती खोली, म्हणाला. जनावरं नाही ठेवत तिथे. भिंतीला पोट आहे तिच्या, म्हणून सगळा गाव तिला गाभण खोली म्हणतो. तीन वर्षं झाली, अजून व्यायली नाही.

मिस्त्री अंगणातून खोलीकडे गेला. दुरूनच त्याला पश्चिमेची भिंत दिसली. कमरेपासून वर हळूहळू फुगत गेलेली, खिडकीच्या खाली सगळ्यांत जास्त, आणि वर पुन्हा आत घेतलेली. दुसऱ्याचं वाईट काम बघून कोणत्याही मिस्त्रीला होतो तसा त्याला थोडा आनंद झाला. कुणी बांधली असेल ही, असं म्हणत तो पायरीशी आला. पायरीच्या सिमेंटमध्ये, सिमेंट ओलं असताना कुणीतरी दिलेला डावा पाय उमटला होता. मिस्त्रीने बोटं मोजली. सहा होती.

त्याला तिथेच खाली बसावंसं वाटलं. मागे फिरून सरळ बसथांब्यावर जावं असंही वाटलं. पण दारातून कुणीतरी म्हटलं, "या, आत या," आणि तो आवाज ओळखीचा होता. सकाळच्या बसचा कंडक्टर होता तो.

आत सात-आठ जण होते. पूर्वी टपाल वाटणारे एक म्हातारे गृहस्थ, एक शिवणकाम करणारी बाई, कंडक्टर, आणि असेच. सगळ्यांच्या खुर्च्या तीन भिंतींना लागून होत्या. चौथ्या भिंतीखाली, पोटाच्या बरोबर खाली, एकच खुर्ची होती आणि ती रिकामी होती. दुसरी जागा नव्हती. मिस्त्री तिथे जाऊन बसला. त्याला पाठ सरळ टेकता येईना, कारण भिंतीचं पोट आतल्या अंगालाही पुढे आलेलं होतं.

चहा फिरला. करवत्या म्हणाला ते खोटं नव्हतं. मग टपालवाले बोलले. त्यांनी स्वतःचं सांगितलं. लोकांची पत्रं आठ-आठ दिवस पिशवीत ठेवून ते गुत्त्यात बसायचे, आणि एका बाईला तिचा भाऊ गेल्याचं त्यांच्यामुळे उशिरा कळलं. हे त्यांनी बाजारभाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं. शिवणाऱ्या बाईने सांगितलं, की तिने एका नवरीच्या पोलक्याला तीन बाह्या लावल्या होत्या. सगळे हसले, तीही हसली. मिस्त्रीला वाटलं होतं इथे रडारड असेल. हसायला येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"नवा माणूस आला की आम्ही त्याला ही भिंत दाखवतो," टपालवाले मिस्त्रीकडे वळून म्हणाले. "ती बोलायची सोय आहे आमची. स्वतःवर बोलायला जड जातं ना, मग आधी भिंतीवर बोलायचं."

"बांधणारा शुद्धीत नव्हता, हे तर म्हैससुद्धा सांगेल," कंडक्टर म्हणाला.

"मला तर वाटतं टाचणी टोचली तर फुटेल," शिवणारी बाई म्हणाली.

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. हसला आणि त्याची त्यालाच इतकी लाज वाटली, की कान तापले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला. न बोललं तरी चालतं, हे त्याला माहीत होतं. कुणी विचारलंही नव्हतं. पण बायकोने तिथे पोचलात की धरून बघा म्हटलं होतं, म्हणून तो उठला, खुर्ची बाजूला केली, खुर्चीवर चढला आणि खिशातून ओळंबा काढला. दोरीचं वरचं टोक त्याने भिंतीच्या माथ्याशी धरलं आणि खाली सोडलं, तर वजन पोटावरून घरंगळून बाहेर लटकलं. त्याचा हात कापत होता. तरी वर आणि मध्ये किती फरक आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

"चार बोटं," मिस्त्री म्हणाला. "मी नेहमी चारच बोटं चुकतो."

कुणी हसलं नाही.

"ही भिंत माझी आहे," तो म्हणाला. "मी बांधली. पिऊन बांधली. कुठे बांधली तेही विसरलो होतो. पायरीवर माझ्या दोस्ताचा पाय आहे."

तो खुर्चीवर तसाच उभा राहिला, हातात दोरी धरून. खाली कसं उतरावं हे त्याला कळेना. टपालवाले उठून त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याला उतरायला हात दिला. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"फार उशीर केलात मिस्त्री," ते म्हणाले. "ही खुर्ची तुमचीच. ज्याने बांधली तो कधीतरी येईल, तेव्हा तोच बसेल तिच्यावर, असं आम्ही म्हणायचो. तसं भीतीने दुसरं कुणी बसतही नव्हतं."

मिस्त्रीच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती सदऱ्याने पुसली. सदरा स्वच्छ धुतलेला होता, हे बरं झालं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. दारात आईने त्याची मान धरून खाली ओढली, तोंडाचा वास घेतला, खात्री पटेना म्हणून पुन्हा घेतला आणि सोडून दिलं. बायको चुलीपाशी होती. तिने मान वर केली. मिस्त्रीने ओळंबा काढून हात लांब केला. तिने हात पुसले आणि अंबाडा सोडून पुन्हा बांधायला घेतला, मुद्दाम सावकाश. वजन हलत होतं. सकाळपेक्षा कमी हलत होतं असं कुणी म्हटलं असतं तर ते फक्त प्रेमापोटी.

"हलतोय," मिस्त्री म्हणाला.

"दिसतंय मला."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. वखारीमागचा पेलाही सांगितला, तो तोंडापर्यंत नेला हेही. गाभण खोलीपाशी आला तेव्हा तिने विचारलं, "मी माहेरी होते, तेव्हाची?" तो हो म्हणाला. सहा बोटं ऐकून ती हसायला लागली. चुलीशी बसून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मिस्त्रीला आधी राग आला. पण ती घरात अशी हसल्याला किती वर्षं झाली ते त्याला आठवेना, म्हणून त्याने तिला हसू दिलं.

"ती भिंत पाडून परत बांधायची म्हणतोय," तो म्हणाला. "मंगळवारी जायचंच आहे. दोन तास आधी जाईन. पण त्याला थापी लागेल."

बायकोने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मंगळवारची थापी तुमची," ती म्हणाली. "बाकीचे दिवस माझी."

बुधवारी शाळेच्या कुंपणावर मिस्त्रीने घमेलं उचललं. माल घट्ट कालवला होता. बायको वरून काही म्हणाली नाही.

पुढचे मंगळवार सगळेच सरळ गेले असं नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी भिंत पाडायला आनंदाने परवानगी दिली, विटा जुन्याच वापरायच्या ठरल्या. पण तिसऱ्या मंगळवारच्या दोन दिवस आधी मिस्त्री पिंपाबरोबर बसला. पहिल्यासारखा बसला. मंगळवारी जाऊन त्याने ते खोलीत सांगितलं आणि वर रचलेले दोन थर स्वतःच्या हाताने काढून पुन्हा लावले, कारण ते दोन थर लावताना आपण मनातून बसलेलोच होतो, असं त्याचं म्हणणं पडलं. ते थर सरळ होते, पण कुणी त्याला अडवलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला पिंप कुंपणाशी आला, तेव्हा दारातून आई ओरडली, की तो बसायला गेलाय, चार वाजता बसतात, तूही जा. पिंप आपला पाय कसा उमटलाय ते बघायला म्हणून गेला. पाय बघून झाल्यावर चहा प्यायला थांबला.

नवव्या मंगळवारी शेवटचा थर लागायचा होता, म्हणून बायकोही आली. मिस्त्री परांचीवर होता. कंडक्टर माल कालवत होता, टपालवाले विटा भिजवत होते, पिंप त्या वर देत होता. शेवटची वीट बसली, तेव्हा मिस्त्रीने वरून नेहमीसारखं म्हटलं, "बघ गं जरा, सरळ आहे ना." बायकोने ओळंबा त्याच्याकडे वर फेकला आणि म्हणाली, "तुम्हीच बघा."

मिस्त्रीने दोरी धरली. वजन एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे गेलं, जरासं थरथरलं आणि भिंतीला लागून उभं राहिलं. बायकोचा अंबाडा बांधलेलाच होता. तिने तो सोडलाही नाही, नुसती बघत राहिली.

आवाज ऐकून कंपाउंडर बाहेर आला. डगल्याला हात पुसत त्याने भिंतीला वरपासून खालपर्यंत बघितलं, तळहाताने चाचपली, पोट कुठे होतं ते शोधलं आणि सापडलं नाही.

"व्यायली म्हणायची एकदाची," तो म्हणाला. "काय झालं?"

"मिस्त्री झाला," टपालवाले म्हणाले.

सगळे हसले, परांचीवर मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने. बायकोने खालून त्याच्या हातातली थापी मागून घेतली, मुठीला लागलेला माल अंगठ्याने पुसला, आणि पुन्हा त्याच्याच हातात दिली.

"अहो," ती म्हणाली, "अजून गिलावा राहिलाय."